मातृभाषेचा रकाना

२०२३ पासून आमच्या मराठवाड्यात निजामकालीन कागदांना सोन्याचा भाव आलाय. घरोघरी माळ्यावरच्या पेट्या खाली उतरल्या. खासरा पत्रक, शाळेचा दाखला, जन्माची नोंद, जे सापडेल ते. त्या वादात मी इथे शिरत नाही (शिरलो तर घरचेच जेवायला बोलवायचे नाहीत!). पण चुलतभावाचा फोन आला, "दादा, आजोबांचा शाळेचा दाखला माहूरच्या घरात असल बघ. गेलास की पेटी उघड." दिवाळीत गेलो आणि उघडली.

आमच्या घरातल्यांना ती पेटी माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी, कडी मोडलेली. आत आजीचा अडकित्ता, देवीच्या तांबुलासाठी पानं ठेवायचं फडकं, दोन-तीन पोथ्या, आणि एका पोथीत चार घड्या घातलेला पिवळा कागद. कागद पूर्ण उर्दूत. म्हणजे घरात जो कागद सगळ्यांत महत्त्वाचा, तो वाचू शकणारं घरात कुणीच नाही. आजोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली.

नांदेडला परत आल्यावर एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्याशी नेला आणि हळूहळू वाचू लागले. नाव. वडिलांचं नाव. जन्म १३३१ फसली. (हैदराबाद संस्थानात फसली सन चालायचा. त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे १९२१-२२ साल.) मदरसा वस्तानिया, म्हणजे मिडल स्कूल. जातीच्या रकान्यावर नेमकी घडी आली होती आणि तिथेच कागद फाटलेला! चुलतभावाला काय सांगायचं या विचारात मी होतो, तेवढ्यात सर पुढे वाचू लागले.

"मादरी ज़बान, मरहटी. ज़रिया-ए-तालीम, उर्दू."

मातृभाषा मराठी. शिक्षणाचं माध्यम उर्दू. दोन रकाने, एकाखाली एक. लिहिणाऱ्या मुदर्रिसाला त्यात काही वावगं वाटलं नसावं. शाई एकच, अक्षर एकच, झोक तोच.

मी काहीतरी बोललो असेन, कारण सर हसले आणि म्हणाले, "यामागं जपान आहे, ठाऊक आहे का तुम्हाला?"

मला काही ठाऊक नव्हतं. जपान आणि माहूर? आमच्या गावी परदेशी माणूस चुकून दिसलाच तर पोरं बसस्टँडपर्यंत त्याच्या मागे जायची. पण सरांनी सांगितलं ते डोक्यातून जाईना. मग मिळेल तिथून वाचत गेलो. आज ते लिहून काढतो.

तर गोष्ट अशी. १९१६ साली हैदराबाद संस्थानच्या शिक्षण खात्याच्या प्रमुखपदी सय्यद रॉस मसूद नावाचे गृहस्थ आले. अलीगढच्या सर सय्यद अहमद खानांचे हे नातू. ऑक्सफर्डला शिकलेले, बॅरिस्टर झालेले. इंग्लंडमध्ये विद्यार्थी असताना त्यांना लॅटिन शिकवायला जो तरुण यायचा, तो म्हणजे पुढे गाजलेला कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर. दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली. 'अ पॅसेज टु इंडिया' ही १९२४ सालची कादंबरी फॉर्स्टरने मसूद यांनाच अर्पण केली आहे.

मसूद हैदराबादला आले त्याच सुमारास तिथे मोठा बेत शिजत होता. इंग्रजीत नव्हे, तर देशी भाषेत शिकवणारं विद्यापीठ काढायचं. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं, माध्यम उर्दू. पुस्तकं कुठून आणायची? त्यासाठी 'दारुत्तर्जुमा' म्हणजे भाषांतराचं खातंच उघडलं. इतिहास, गणित, रसायन, वैद्यक, सगळं उर्दूत आणायचं, नसलेले शब्द घडवायचे. या कामात पुढे असलेले मौलवी अब्दुल हक तर आपल्या औरंगाबादचेच म्हणायचे (आताचं छत्रपती संभाजीनगर). त्यांची अंजुमन तरक्की-ए-उर्दू बरीच वर्षं तिथून चालत होती. त्या काळात इंग्रजांच्या मुलखातल्या कुठल्याही सरकारी विद्यापीठाला जे जमलं नव्हतं, ते एका संस्थानाने केलं, हे मान्यच करायला हवं.

मग १९२२ मध्ये निजाम सरकारच्या वतीने मसूद जपानला गेले. तिथल्या शाळा, विद्यापीठं, तिथलं जगणं पाहिलं. परत येऊन जपानच्या शिक्षणपद्धतीवर मोठा अहवाल लिहिला. १९२३ मध्ये तो हैदराबादला छापून निघाला. (आमच्या आजोबांच्या दाखल्यावरचं १३३१ फसली आणि मसूद यांचा जपान प्रवास जवळजवळ एकाच वेळचे. सरांना मी हे म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "मग तुमच्या आजोबांचं नशीब ते पाळण्यात असतानाच टोकियोत लिहिलं जात होतं म्हणा की.")

जपानच का, हा प्रश्न आज पडेल. तेव्हा पडत नव्हता. १९०५ मध्ये जपानने रशियाचा पराभव केला आणि आशियातल्या शिकलेल्या माणसाला एकदम वाटलं, आपल्यालाही जमेल. जो तो जपानकडे बघायला लागला. आपले धोंडो केशव कर्वेसुद्धा. टोकियोला नारुसे जिंझो यांनी १९०१ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं होतं. त्याची माहिती देणारी एक छोटी पुस्तिका कर्व्यांच्या हातात पडली आणि त्यातून १९१६ मध्ये हिंगण्याचं महिला विद्यापीठ उभं राहिलं. तिथेही माध्यम देशी भाषा. पुढे १९२९-३० च्या परदेश प्रवासात कर्वे स्वतःही जपानला जाऊन आले. म्हणजे पुण्याचा हिंदू प्राध्यापक आणि हैदराबादचा मुसलमान बॅरिस्टर, दोघंही जपानकडून एकच धडा घेत होते. मोठं व्हायचं तर आपल्या भाषेत शिका.

१९२२ च्या टोकियोत परक्या पाहुण्याला काय दिसत असेल? मी जपानला कधी गेलेलो नाही, पण त्या काळच्या शाळांबद्दल जे वाचलं त्यावरून चित्र उभं राहतं. ट्राम, रिक्षा, लाकडी घरं. सकाळी सकाळी शाळेकडे निघालेली पोरांची रांग. दारात चपला काढून आत जायचं. शाळा सुटली की वर्ग पोरांनीच झाडायचा, फरशी पुसायची. श्रीमंताचं असो की गरिबाचं, हातात फडकं सगळ्यांच्याच. १८७२ मध्ये जपानने शिक्षणाचा पहिला मोठा कायदा केला तेव्हाच, कुठल्या गावात अडाणी घर नको आणि कुठल्या घरात अडाणी माणूस नको, असं ध्येय ठेवलं होतं. १९०७ पासून सहा वर्षांचं शिक्षण सक्तीचं झालं आणि मसूद गेले तोवर जवळपास प्रत्येक मूल शाळेत जात होतं. मुलीसुद्धा. आमच्या भागात त्या वेळी मुलीला शाळेत घालणं ही गावात चर्चेची बाब असायची.

पण सगळ्यांत मोठं आश्चर्य विद्यापीठात होतं. टोकियोचं विद्यापीठ १८७७ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथे बरेचसे प्राध्यापक युरोप-अमेरिकेतून आणलेले होते आणि ते त्यांच्या त्यांच्या भाषेत शिकवत. इंग्रजीचा एवढा दरारा होता की मोरी आरिनोरी नावाच्या एका मोठ्या अधिकाऱ्याने १८७२-७३ च्या सुमारास, जपानने आपली भाषा बाजूला ठेवून इंग्रजीच घ्यावी, असं सुचवलं होतं! (हेच मोरी पुढे शिक्षणमंत्री झाले.) जपानने ते ऐकलं नाही. तरुणांना परदेशी पाठवलं, ते शिकून आले, परक्या प्राध्यापकांच्या जागी हळूहळू तेच उभे राहिले आणि जपानीतून शिकवू लागले. शब्द नव्हते तर केले. समाजाला 'शाकाई', तत्त्वज्ञानाला 'तेत्सुगाकु'. जुन्या चिनी अक्षरांतून घडवलेले नवे शब्द. चाळीस-पन्नास वर्षांत इंजिनं, औषधं, कायदा, सगळं जपानीत.

हे पाहून आलेल्या माणसाला उस्मानियाचा प्रयोग बरोबरच आहे असं वाटणार नाही तर काय? जपान आधुनिक झाला तो स्वतःच्या भाषेत, हे मसूद यांच्या अहवालाचं सार. मला ते आजही खरं वाटतं.

अडचण फक्त एकाच शब्दाची आहे. 'स्वतःच्या'.

हैदराबाद संस्थानात निम्म्याच्या आसपास माणसं तेलुगू बोलायची. साधारण चौथा हिस्सा मराठी, त्यानंतर कानडी. उर्दू ज्यांची घरची भाषा, ते शंभरात दहा-बारा. मसूद त्या दहा-बारांतले. ते खोटं बोलत नव्हते. आपली भाषा म्हटलं की त्यांच्या मनात आईची उर्दूच येत असणार. जपानहून त्यांनी खरी गोष्ट आणली, पण ती ज्या घरात ठेवली तिथे राहणारी माणसं वेगळी होती.

आजोबा त्या घरात शिकले. खालच्या वर्गांत थोडंफार मराठी असायचं, पण वर गेलं की उर्दू. त्रिकोणाला ते म्हातारपणीही 'मुसल्लस' म्हणायचे, कोनाला 'ज़ाविया'. आम्ही हसायचो. आता कळतं की 'त्रिकोण' म्हटलं की मराठी पोराला त्यातले तीन आपोआप दिसतात. 'मुसल्लस'मध्येही तीनच आहेत, पण ते अरबी येणाऱ्याला दिसतात. आजोबांना ते पाठ करावे लागले. इंग्रजीच्या जाचातून सोडवायला जी भाषा आणली, ती माहूरच्या पोराला इंग्रजीइतकीच लांबची होती.

आणि त्याचा जो भुर्दंड पडला, तो घरात सगळ्यांनी पाहिलाय, फक्त कुणी बोललं नाही. आमच्या पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड. तिथे इंग्रजांचा कारभार, मराठी शाळा. आजोबांच्या धाकट्या भावाला नदी ओलांडून पुसदला नातेवाइकांकडे ठेवला आणि तो मराठीत शिकला. एकाच आईची दोन पोरं, मधे एक नदी. पुढे सगळ्या नातेवाइकांना पत्रं लिहायचं काम चुलत आजोबांकडे. आमचे आजोबा मराठी उत्तम बोलायचे, पोथी वाचायचे, पण लिहायची वेळ आली की कागद भावापुढे सरकवायचे. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल याची लाज. हिशेब मात्र मरेपर्यंत उर्दूत. आमच्या आईला वाटायचं, हिशेब कुणाला कळू नये म्हणून ते उर्दूत लिहितात. तसं नव्हतं. त्यांना तेवढंच सराईत लिहिता यायचं.

त्यांचा उर्दूवर राग मात्र कधीच नव्हता, हेही लिहून ठेवायला हवं. संध्याकाळी ओट्यावर बसून शेर म्हणायचे. सोनापीरच्या दर्ग्यावरच्या लोकांशी तासन्‌तास गप्पा मारायचे. भाषा गोड आहे, पोरा, पण ती आम्हाला दारातून नाही, भिंतीवरून आत ढकलली, असं काहीसं ते एकदा म्हणाले होते.

बाकीच्या मराठवाड्यात काय झालं ते आपण शाळेत शिकलोच आहोत. लोकांनी आपापल्या मराठी शाळा काढल्या. औरंगाबादची सरस्वती भुवन १९१५ ची, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईला शिक्षकच होते. १९३८ मध्ये उस्मानियाच्या वसतिगृहात 'वंदे मातरम्‌' म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केलं. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली, संस्थान भारतात आलं आणि उस्मानियाचं माध्यम उर्दूवरून इंग्रजी झालं. म्हणजे मराठी, तेलुगू, कानडी राहिली बाजूलाच, आणि ज्या इंग्रजीपासून सुटायचं होतं तीच परत आली. जपानचा धडा संपला.

इथेच थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. आपल्यावर अन्याय झाला, आपण लढलो, जिंकलो. पण वाचता वाचता आणखी एक माणूस भेटला आणि त्याने माझा घोटाळा केला.

आमचा किनवट-माहूरचा भाग १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात नव्हताच. तो आदिलाबाद जिल्ह्यात होता, हे आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. त्याच आदिलाबाद जिल्ह्यात १९४० मध्ये जोडेघाटला कुमरम भीमचा उठाव झाला, तो गोळीबाराने मोडला. गोंड असे पेटून का उठले हे समजून घ्यायला निजाम सरकारने एका परदेशी माणसाला पाठवलं. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ, व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ. महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्यांच्याकडे जर्मन पासपोर्ट होता, म्हणून इंग्रजांच्या हिशेबी ते शत्रू. त्यांना हैदराबाद संस्थानाबाहेर जायची मनाई झाली. त्या मनाईचं सोनं झालं. बायको बेटी यांच्यासह ते मारलावाईला गोंडांमध्ये राहिले. दंडारीचे नाच पाहिले, परधानांची गाणी ऐकली, सगळं टिपून ठेवलं. 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हे त्यांचं पुस्तक १९४८ चं. बेटी १९८७ मध्ये वारल्या. त्यांची समाधी मारलावाईलाच आहे.

या माणसाने १९४३ मध्ये मारलावाईला गोंड तरुणांना शिक्षक करण्याचं केंद्र सुरू करवलं. आणि पोरांच्या हातात पहिलं पुस्तक दिलं ते गोंडीत. ना उर्दू, ना तेलुगू, ना मराठी. गोंडी भाषा, लिपी देवनागरी, कारण त्या भागात मराठीची ओळख लोकांना होती. आधी घरच्या भाषेत अक्षर, मग त्यावरून पुढच्या भाषा. ज्या सरकारने आमच्या आजोबांना उर्दूतून शिकवलं, त्याच सरकारच्या पैशाने हे झालं! मसूद टोकियोहून जे घेऊन आले, ते वीस वर्षांनी का होईना, मारलावाईच्या पोरांच्या हाती खऱ्या अर्थाने पडलं. आणि ते कुणी दिलं, तर व्हिएन्नाच्या माणसाने. पुढे राज्यं बदलली, प्रांतरचना झाली. पलीकडची गोंड मुलं तेलुगू शाळेत गेली, अलीकडची आपल्या मराठी शाळेत. गोंडी पुस्तकं मागे पडली.

मग मी पुन्हा जपानकडे वळलो. ओकिनावाच्या शाळांत त्याच काळात एक पद्धत होती. जे मूल वर्गात घरची बोली बोलेल, त्याच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायची. दुसरं कुणी चुकलं की ती पाटी त्याच्या गळ्यात. 'होगेन फुदा' म्हणतात तिला, बोलीची पाटी. उत्तरेकडच्या आयनू मुलांना जपानीतूनच शिकावं लागलं. १९१० पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता, तिथल्या शाळांत 'राष्ट्रभाषा' म्हणजे जपानी. टोकियोच्या स्वच्छ वर्गात उभं राहिलेल्या पाहुण्याला ही पाटी कशी दिसावी? राजधानीत सगळ्यांचीच भाषा 'आपली' असते. (मसूद यांनी पाहिलेलं ते टोकियोही फार दिवस राहिलं नाही. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि आगीत त्याचा मोठा भाग गेला.)

आता जे लिहितोय ते घरच्यांनाही सांगितलेलं नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की २०१२ ते २०१८ मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो, माहूर तालुक्यातल्या एका तांड्यावर. शाळेचं नाव कशाला, चूक माझीच. पहिलीचा वर्ग. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता. अ अननसाचा. (माहूरच्या डोंगरात अननस! आम्ही पोरं होतो तेव्हाही तो तक्त्यावरच पाहिला.) इ इमारतीचा. तांड्यावर इमारत एकच, शाळेची, तीही दोन खोल्यांची. मला वाटायचं, बाकी काही असो, आ आईचा हे अक्षर तरी प्रत्येक पोराचं आहे. शिवाय आम्ही माहूरचे. आमच्या गडावर रेणुकामाता. अर्धा महाराष्ट्र 'आई' म्हणत तिच्या पायऱ्या चढतो. आई हा शब्द मी शिकवायचा आणि पोराला कळायचा नाही?

एक मुलगी होती. बोलायचीच नाही. जून गेला, जुलै गेला. एक दिवस तक्त्यावरच्या चित्रावर पट्टी ठेवून विचारलं, "हे कोण?" पहिल्यांदाच तिचं तोंड उघडलं. म्हणाली, "याडी."

मी म्हणालो, "चूक. आई म्हण. आ, आईचा."

तिने तोंड मिटलं ते दिवाळीपर्यंत.

गोरमाटीत आईला याडी म्हणतात. तांड्यावरची माणसं गडावर येतात तेव्हा देवीलाही याडीच म्हणतात. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. लहानपणापासून बाजारात ऐकत आलो होतो. चित्रातली बाई कोण हे तिने अगदी बरोबर ओळखलं होतं, आणि मी तिला चूक म्हणालो. हातात पट्टी होती, मारली नाही, एवढंच काय ते. लाकडी पाटी गळ्यात घालायला पाटी लागतच नाही म्हणा.

नंतर मी सुधारलो वगैरे असं लिहायचा मोह होतो. थोडं केलं. चौथीतल्या एका पोराला मधे घेऊन पन्नास-साठ शब्द वहीत उतरवले. पाणी, भाकर, ये, बस, भूक लागली का. वर्ग जरा बोलता झाला. मग बदली झाली. ती वही माझ्याकडेच राहिली. नव्या गुरुजींना द्यायची राहून गेली, हे आज लिहिताना लक्षात येतंय.

पण सरांच्या घरी तो दाखला ऐकताना मला शिकवण्यातली चूक आठवली नाही. मला प्रवेशाचं रजिस्टर आठवलं. त्यातही रकाने असतात. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, मातृभाषा. ते माझ्याच हातांनी भरले होते. एका बैठकीत, सगळ्या वर्गाचे. मातृभाषेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द लिहीत गेलो. मराठी, मराठी, मराठी. नंतर नंतर तर कंटाळून फक्त दोन टिंबं. म्हणजे 'वरीलप्रमाणे'.

आम्ही लहानपणापासून ऐकलं की निजामाने आमची भाषा मारली. ते खोटं नाही. पण निजामाच्या त्या कुठल्याशा मुदर्रिसाने आजोबांना उर्दूतून शिकवलं, तरी त्यांची मातृभाषा विचारली आणि खरी लिहिली. मादरी ज़बान, मरहटी. नव्वद वर्षांनी कुणाला तरी तो कागद वाचता आला आणि आजोबांच्या आईची भाषा कोणती होती हे कळलं. त्या मुलीच्या नातवाने उद्या तिचा दाखला काढला तर त्याला काय कळेल? तिथे माझ्या अक्षरात दोन टिंबं आहेत.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा. २०२० च्या धोरणात लिहिलंय की निदान पाचवीपर्यंत घरची भाषा. चांगलंच आहे. इकडे माहूर-किनवटला इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या तांड्यापर्यंत जातात, आणि मुलांना त्यात बसवणाऱ्या आईबापांना मी कुठल्या तोंडाने नावं ठेवू? त्यांना मराठी शाळेत तरी घरची भाषा कुठे मिळत होती? परकीच शिकायची तर मोठी तरी शिकू, असा त्यांचा हिशेब असेल तर तो मला चूक म्हणता येत नाही.

मसूद यांच्यावर मला आता राग येत नाही. टोकियोला जाऊन त्यांनी बघायचं ते बरोबर बघितलं. फक्त परत आल्यावर कुणाला तरी विचारायला हवं होतं, बाळा, तुझ्या घरी काय बोलतात? तेवढा एक प्रश्न. तो मीही विचारला नाही, आणि मला तर टोकियोहून यायचं नव्हतं. माहूरहून तांड्यापर्यंत मोटारसायकलने पंचवीस मिनिटं लागायची.

असो. चुलतभावाला कळवलं की जातीचा रकाना फाटलाय, उपयोग नाही. तो नाराज झाला. मी म्हटलं, दुसरा एक रकाना शाबूत आहे, त्याचा फोटो पाठवतो. त्याने अंगठा पाठवला.

काका, मामी, तुम्ही हे वाचत असाल तर आपापल्या पेट्या बघा. असला कागद सापडला तर वाचून घ्या. नांदेडचे सर कुणालाही वाचून देतात, पैसे घेत नाहीत, चहा तेवढा प्यावा लागतो. आणि तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी जूनमध्ये रजिस्टर भरताना प्रत्येक पोराला विचारून तो रकाना भरा. टिंबं देऊ नका.

शब्दांची ती वही मी आज कपाटातून काढून टेबलावर ठेवली आहे. पहिल्या पानावर पहिलाच शब्द आहे, याडी. येत्या रविवारी तांड्यावर जाऊन यावं म्हणतो.